पाणचक्कीचे आवार : कोरड्या प्रदेशातील एका बागेचा इतिहास

इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले, तेव्हा पाण्याचा प्रश्न अटळ होता. येथील बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि वैशाखात पारा चाळीस अंशांवर चढतो. डोंगरात मुरलेले पाणी अंबरने भूमिगत नहरीने शहरात आणले. ‘नहर-ए-अंबरी’ ती हीच. जमिनीखालून, उताराच्या बळावर वाहणारे हे पाणी उन्हाने आटत नसे.

याच पद्धतीच्या पुढील काळातील एका नहरीचे पाणी खाम नदीकाठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात येते. प्रवासी तेथे पाणचक्की पाहावयास जातात. परंतु उष्ण प्रदेशात लहान बाग कशी रचावी, हे शिकण्यासाठी ते आवार अधिक मोलाचे आहे. पाण्याच्या बळावर जाते फिरून यात्रेकरू व फकिरांसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही दालनात गारवा राहतो. उरलेले पाणी नदीस मिळे. शेजारी जुना वटवृक्ष आहे. ज्या वडाचे फळ पंच उदुंबरांत गणून श्रावकास वर्ज्य केले, त्याच वृक्षाखाली भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले, हे तेथे सहज आठवते.

बीबी का मकबऱ्याचा चारबाग भव्य खरा, पण तो बादशाही ऐश्वर्याचा नमुना. त्यातून घेण्याजोगे एवढेच, की चारबागेत वाफे पायवाटेपेक्षा खोल ठेवतात, म्हणजे घातलेले पाणी मुळाशीच राहते.

आज वसाहतींतील उद्यानांत मात्र हिरवळ, फरशी आणि कारंजे यांचाच आग्रह दिसतो. हिरवळीस रोज पाणी हवे. ज्या शहराने नळाची काही काही दिवस वाट पाहिली, तेथे हा थाट शोभत नाही. अप्काय जीवांची विराधना टाळण्यासाठी पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या समाजाने तरी तो करू नये.

संस्थेच्या मोकळ्या जागेत बाग व्हावयाची असेल, तर पश्चिमेस कडुनिंब व करंज लावून दुपारचे ऊन अडवावे, छताचे पावसाचे पाणी खोल वाफ्यांत सोडावे आणि पालापाचोळा न जाळता झाडांच्या बुंध्याशी पसरावा. ही झाडे पहिले दोन-तीन उन्हाळे जगली की पुढे फारसे मागत नाहीत. त्या उन्हाळ्यांत पाणी कोणी घालावयाचे, हे विश्वस्तांनी रोपे आणण्यापूर्वी ठरवावे.