नृत्यशाळेचे मातृऋण

नवरात्र जवळ आले की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या आमच्या सीमाभागातील देवळांचे सभामंडप घुंगरांच्या नादाने भरून जातात. गावच्या नृत्यशाळेतील मुली देवीपुढे आपली विद्या रुजू करतात. आया गर्दीतून वाट काढीत पुढे येतात, आजोबा चष्मा पुसून सरसावून बसतात. निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगतो की, हे भरतमुनींनी सांगितलेले, हजारो वर्षांचे पवित्र भरतनाट्यम होय. टाळ्या होतात. आम्हीही टाळ्या वाजवितो, आणि त्या मनापासून असतात. तथापि प्रत्येक वेळी एक प्रश्न आमच्या मनात उरतो. भरतमुनी आणि या दहा वर्षांच्या मुली यांच्यामध्ये जी शतके लोटली, त्या शतकांत हे नृत्य कोणाच्या पायांनी चालत आले? निवेदक भरतमुनींवरून थेट आजच्या गुरूंकडे येतो. मधली माणसे त्याच्या वाक्यातून गळून जातात.

आपल्या धर्माने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. नृत्यशाळेत नटराजाची पूजा होते, तेव्हा देवऋणाचे स्मरण होते. भरतमुनींचे नाव घेतले जाते, तेव्हा ऋषिऋणाचे होते. परंतु या कलेचा वारसा बहुतांशी आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे आला. तिच्या बाबतीत तिसरे ऋण हे मातृऋण आहे, आणि ते अद्याप फिटलेले नाही.

पुरावा शोधण्यास फार दूर जावयास नको. बदामीजवळ महाकूट येथील देवालयात चालुक्य राजा विजयादित्य याच्या काळचा, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभीच्या सुमाराचा, एक लेख आहे. विनापोटी या स्त्रीने देवास माणकांनी जडविलेले पीठ आणि रुप्याचे छत्र अर्पण केल्याची नोंद त्यात आहे. तिला तेथे राजाची प्राणवल्लभा म्हटले असून विद्वान तिला गणिकावर्गातील मानतात. तिची ओळख देताना लेखात आधी आजीचे नाव येते, मग आईचे, मग तिचे. रेवामंचल, तिची मुलगी कुचिपोटी, तिची मुलगी विनापोटी. पित्याचे नाव सांगण्याची गरज लेख कोरणाऱ्यास वाटली नाही. ज्या देवळांच्या भिंतींवर राजे आपल्या पित्यांची व पितामहांची नावे कोरीत, तेथेच ही तीन नावे मानाने कोरली गेली.

याहून मोठी नोंद तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आहे. चोल सम्राट राजराजाने इ. स. १०१४ च्या सुमारास निरनिराळ्या देवळांतून चारशे नर्तकी या मंदिराच्या सेवेत आणविल्या. त्यांपैकी प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली ते, आणि कोणत्या गल्लीत तिचे कितवे घर आहे ते, असे सारे दगडावर कोरलेले आहे. प्रत्येकीस एक घर आणि वर्षाला शंभर कलम भाताचा एक वाटा ठरविलेला होता. एक हजार वर्षांपूर्वीच्या राजाने ज्या स्त्रियांची नावे इतक्या कसोशीने लिहविली, त्यांच्या कलेचे वारसदार म्हणविणारे आम्ही त्यांच्या सबंध वर्गाचाच उल्लेख टाळतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसास आपले काही तरी तेथे आहे याची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्यांचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचिला. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे लिहिली. ‘जयजय’ने आरंभ होऊन मंगलाने समाप्त होणाऱ्या अठरा नृत्यप्रकारांची ती मालिका आहे. सरफोजीराजांच्या व त्यांच्या वारसांच्या काळात तंजावरच्या दरबाराशी संबंधित असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हा क्रम बसविला. आजही आमच्या मुली साधारणपणे त्याच क्रमाने नाचतात.

ही मराठी निरूपणे पुढे सरस्वती महाल ग्रंथालयात पडून होती. मालवणच्या एका सुपुत्राने, आचार्य पार्वतीकुमार यांनी, त्यांचा अभ्यास करून त्यांना पुन्हा रंगभूमीवर आणिले आणि १९६८ साली मुंबईत तंजावूर नृत्यशाळा स्थापन केली. कोकणच्या मातीतील माणसाने कावेरीकाठच्या मराठीला असे पुन्हा चालते केले, याचा आमच्या मराठी व कोंकणी अशा दोन्ही वाचकांस अभिमान वाटावा.

परंतु अभिमानाबरोबर एक प्रश्न येतोच. सरफोजीराजांनी शब्द लिहिले, चार बंधूंनी रचना बांधिल्या. पण ते शब्द देहावर कोणी घेतले? दरबारात व देवळात नाचणाऱ्या, परंपरेने देवास वाहिलेल्या स्त्रियांनी. त्यांना नृत्य शिकविणारे नट्टुवनार हेही त्याच समाजातील होते. राजांची नावे आम्ही आवडीने घेतो. तितक्याच आवडीने या स्त्रियांचे स्मरण झाले पाहिजे.

ते का होत नाही, याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. राजाश्रय गेला, देवळांच्या जमिनी व उत्पन्ने यांची व्यवस्था बदलली, आणि देवास मुली वाहण्याच्या चालीच्या आडून त्यांचे शोषण होऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. तिची पुढची धुरा वाहणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या मातोश्री देवदासी समाजातल्याच होत्या. म्हणून त्यांच्या बोलण्यात परक्याची तुच्छता नव्हती, घरचे दुःख होते. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. त्या वेळी आमचा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. मद्रासमध्ये तसा कायदा १९४७ साली आला.

त्याच सुमारास नृत्य वाचविण्याची खटपटही चालू होती. ‘सदिर’ या जुन्या नावाऐवजी भरतनाट्यम हे नाव रूढ झाले. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिक्षण घेतले, १९३५ साली जाहीर कार्यक्रम केला आणि १९३६ साली मद्रासजवळ कलाक्षेत्र ही संस्था काढली. कुलीन घरांतील मुलींना या विद्येचे दार उघडले, ते बव्हंशी त्यांच्यामुळे. आज निपाणीची एखादी मुलगी देवळात निःसंकोचपणे नाचते, त्यामागे रुक्मिणीदेवींचे धैर्य आहे.

दुसऱ्या बाजूस श्रीमती बालसरस्वती (१९१८ ते १९८४) होत्या. वीणा धनम्माळ यांची ही नात परंपरेने नर्तकीच्या घराण्यातील, आणि तिचे गुरू कंदप्पा पिळ्ळै तंजावरच्या त्या बंधूंच्या वंशातील. नृत्यातील शृंगार म्हणजे काही मळ नव्हे की तो धुऊन टाकावा, अशी त्यांची ठाम भूमिका होती. देवाविषयीचे प्रेम नायिकेच्या मुखाने सांगण्याची रीत त्यांना आजी व आई यांच्याकडून मिळाली होती. रुक्मिणीदेवी आणि बालसरस्वती यांच्यात कोण बरोबर, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु नृत्यशाळेत एकीचेच छायाचित्र लागावे आणि दुसरीचे नावही मुलींच्या कानी पडू नये, हा पक्षपात होय.

येथे एका गोष्टीची भीड आम्हांस बाळगता येणार नाही. आमच्याच जिल्ह्यात सौंदत्तीस रेणुका-यल्लम्मेचे ठाणे आहे. पौर्णिमेच्या यात्रेस महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा येथून लक्षावधी भाविक जातात. या लेखाच्या वाचकांपैकीही पुष्कळांचे ते कुलदैवत असेल. त्या देवीच्या नावाने मुलींच्या गळ्यात दर्शनमणी बांधण्याची चाल आमच्या भागात फार काळ होती. ज्यांना हे मणी बांधले गेले, त्यांतील बहुसंख्य मुली गरीब, दलित घरांतील होत्या. त्यांच्या वाट्यास वर्णम् व तिल्लाना आले नाहीत. परडी, चौंडके आणि जोगवा आला, आणि पुष्कळींच्या वाट्यास शहरांतील अंधाऱ्या खोल्या आल्या. कर्नाटकाने १९८२ साली मुली वाहण्यास बंदी करणारा कायदा केला, तरी चाल एका दिवसात गेली नाही. १९९७ साली बेळगाव जिल्ह्यात माजी देवदासींनी स्वतःचीच एक संस्था उभारली आणि गावोगाव हिंडून ही चाल मोडण्याचे काम केले. कायद्याहून अधिक काम अशा स्त्रियांनी केले आहे.

तंजावरची दरबारी नर्तकी आणि सौंदत्तीची जोगतीण या एकच नव्हेत, हे खरे. परंतु समाजाने दोघींकडे एकाच नजरेने पाहिले, आणि भरतनाट्यमच्या इतिहासाविषयी आम्ही जे मौन धरतो, ते बहुधा या शेजारच्या दुःखामुळेच धरतो. मुलीने विचारले, “देवदासी म्हणजे काय?” तर काय सांगावे, या भीतीने आई आणि गुरू दोघीही विषय बदलतात. आमच्या मते, वयाला शोभेल अशा शब्दांत खरे सांगणे हेच उत्तर होय. कला थोर होती. ती सांभाळणाऱ्यांवर अन्याय झाला. ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात म्हणता आली पाहिजेत. पहिले गाळले तर त्या स्त्रियांची विद्या नाकारल्यासारखे होते. दुसरे गाळले तर चालीचे उदात्तीकरण होते.

मौनाखेरीज दुसरी वाट आहे, हे आमच्या शेजारीच दिसून आले आहे. गोव्यात मंगेशी, शांतादुर्गा यांसारख्या देवस्थानांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत समाजाने शिक्षण व संघटन यांच्या बळावर देवळांच्या सेवेच्या बंधनातून आपली सुटका करून घेतली. त्याच समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या, आणि सबंध देशाने त्यांना मानाचे आसन दिले. कर्नाटकात जोगती नृत्याचा वारसा चालविणाऱ्या तृतीयपंथी कलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या होत्या.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीय तरुणांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिंडी हॉप नावाचे जोडीचे नृत्य घडविले. स्विंग म्हणून जगभर जी नृत्ये ओळखली जातात, त्यांचे ते मूळ. १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय नावाच्या नृत्यगृहात गोरे आणि काळे एका जमिनीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट दुर्मीळ होती. १९५८ साली ते बंद पडले. त्या नृत्यातील अग्रणी फ्रँकी मॅनिंग टपालखात्यात नोकरी करू लागले आणि सुमारे तीस वर्षे टपालखात्यातच राहिले. पुढे १९८० नंतर कॅलिफोर्नियाचे आणि स्वीडनचे तरुण त्यांचा शोध घेत आले. सत्तरी ओलांडलेल्या त्या टपालखात्यातील माणसाने पुन्हा देशोदेशी शिकवावयास आरंभ केला, आणि २००९ साली मृत्यू येईपर्यंत ते काम चालू ठेविले. आज त्या नृत्याच्या चांगल्या शाळा पहिल्याच पाठात विद्यार्थ्यांस सांगतात की, हे नृत्य कोणाचे, कोणत्या वस्तीतले आणि ते घडविणाऱ्यांस बाहेरच्या जगात कोणता अपमान सोसावा लागे. शिष्य गुरूच्या दारी गेले, ही त्या कथेतील घेण्यासारखी गोष्ट.

मग आमच्या नृत्यशाळांनी काय करावे? शाळा चालविणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. जागेचे भाडे, मृदंगवादकाची बिदागी, दहावीच्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुली आणि परीक्षेपुरतेच शिकवा म्हणणारे पालक, यांतून शिक्षिका वाट काढीत असतात. म्हणून आमच्या सूचना खर्चाच्या नाहीत. प्रत्येक रचना सादर करताना ती कोणी बांधिली आणि कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, हे निवेदनात सांगावे. गुरुपौर्णिमेस गुरूंच्या गुरूंबरोबर परंपरेतील नर्तकींचेही स्मरण करावे. ज्या घरांतून एके काळी मुली देवास वाहिल्या गेल्या, त्या घरातील मुलगी शिकावयास आली तर तिचे शुल्क माफ करावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. सरफोजीराजांच्या निरूपणांतील एखादी रचना वर्षातून एकदा तरी आपल्या देवळात सादर व्हावी. आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी हे सारे ऐकून घेण्याची तयारी ठेवावी, कारण ऋण शाळेइतकेच देवळाचेही आहे. त्या स्त्रिया देवळाच्याच सेवेत होत्या.

येत्या नवरात्रात सभामंडपात पुन्हा दिवे लागतील. मुली रांगेत उभ्या राहतील, निवेदक कागद हाती घेईल. त्या कागदावर भरतमुनींच्या नावाखाली आणखी दोन ओळी लिहिलेल्या असाव्यात, एवढीच आमची विनंती आहे. ज्यांच्या पायांनी हे नृत्य आमच्यापर्यंत चालत आले, त्यांना आधी नमस्कार, आणि मग अलारिप्पु.