पार, चावडी आणि छापखाना

कोणत्याही प्रांताचा इतिहास लिहावयास घेतला, कीं लेखणी आपोआप राजवाड्याकडे वळते. अहमदनगरचें (ज्यास आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे) नांव काढतांच अहमद निजामशहानें वसविलेलें शहर, चांदबिबीनें लढविलेला किल्ला आणि मलिक अंबराची जमाबंदी, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्या किल्ल्याच्या तटाबाहेर, दिवस मावळल्यावर पारावर किंवा चावडींत बसणाऱ्या माणसांस आपल्या काळाविषयीं काय वाटत होतें? सरकारचा नवा कायदा, सावकाराचा तगादा, नवी आगगाडी, मुलींची शाळा, यांविषयीं त्यांचें मत काय होतें? हा प्रश्न आम्ही इतिहासकारांस क्वचितच विचारतों.

यावर कोणी म्हणेल, कीं पारावरचें बोलणें वाऱ्यावर जातें. त्याचा इतिहास लिहावयाचा कसा? आक्षेप खरा आहे. तरीही नगर जिल्ह्याच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासांत असे कांहीं प्रसंग सांपडतात, कीं ज्यांत तें बोलणें कागदावर उमटलें, किंवा कागद न मिळाल्यामुळें भलत्याच वाटेनें गेलें. ते प्रसंग एकत्र ठेवून पाहिले म्हणजे लोकमत कसें घडतें व कसें बिघडतें, यावर बराच प्रकाश पडतो.

पहिला प्रसंग जून १८४२ चा. त्या महिन्यांत नगर येथें अमेरिकन मराठी मिशननें ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें. संपादक रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन हे होते. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ मुंबईस निघाल्याला तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं, आणि भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ अवघ्या कांहीं महिन्यांचा होता. आगगाडी यावयास अद्याप अवकाश होता. अशा काळीं मुंबई-पुणें सोडून घाटावरच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणीं मराठी पत्र निघावें, ही लहान गोष्ट नव्हे. पत्राचा हेतु ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा होता आणि तो त्यानें कधीं लपविलाही नाहीं. परंतु त्याबरोबर सृष्टिशास्त्र, भूगोल, परदेशची हकीकत असा पुष्कळ नवा मजकूर त्यांतून लोकांपुढें आला. कांहीं वर्षांनीं पत्र मुंबईस गेलें. पुढें १९१२ पासून १९१९ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, रेव्हरंड ना. वा. टिळक यांनीं त्याचा मराठी भाग संपादिला.

आमच्या मतें या पत्राचें खरें महत्त्व त्यानें दिलेल्या उत्तरांपेक्षां त्यानें इतरांस द्यावयास लाविलेल्या उत्तरांत आहे. छापील आक्षेपास तोंडी शिव्याशाप पुरत नाहींत; त्यास छापील उत्तरच द्यावें लागतें. मोरभट दांडेकरांनीं १८४४ सालीं ‘उपदेशचंद्रिका’ काढली ती मिशनऱ्यांच्या टीकेस उत्तर देण्यासाठींच. ज्या समाजांत वाद हा शास्त्र्यांच्या सभेंत किंवा गांवच्या पंचांपुढेंच होत असे, तेथें आतां कोणीही साक्षर मनुष्य घरीं बसून दोन्ही बाजू वाचूं लागला.

आणि एकदां दार उघडलें म्हणजे आंत कोण येईल हें घरधन्याच्याही हातीं राहत नाहीं. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढण्यापूर्वीं जोतीराव फुले नगरास आले होते, व मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांच्या मनानें उचल घेतली. त्या प्रेरणेचें एक फळ ‘ज्ञानोदया’कडेच परत आलें. १८५५ च्या १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या अंकांत पुण्याच्या फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या सुमारें चौदा वर्षांच्या मांग जातीच्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मांग-महारांचीं दुःखें हा त्याचा विषय. ज्या लोकांस धर्मग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाहीं, त्यांचा धर्म तरी कोणता म्हणावयाचा, असा त्या मुलीचा सरळ प्रश्न होता. हें दुःख तिच्या आजीनें, पणजीनेंही बोलून दाखविलें असेलच. तें ऐकणारा मात्र भेटला नव्हता. छापखान्यानें मुक्तेस बुद्धि दिली नाहीं, ती तिच्यापाशीं होतीच. त्यानें तिला श्रोते दिले.

आतां दुसरी बाजू पाहूं. १८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें येथील कापसास अपूर्व भाव आला होता. युद्ध संपलें, भाव कोसळला. तशांत नव्या पाहणीनें शेतसारा वाढला, आणि सावकारांनीं हात आंखडते घेऊन जुन्या कर्जाचे तगादे लाविले. कुळाची सही किंवा आंगठा ज्या कागदावर, तो कागद त्यास वाचतां येत नव्हता. कोर्टांत मात्र तोच कागद बोलत असे. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं दंगा उसळला, व थोड्याच दिवसांत ती आग नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें वगैरे भागांत पोंचली. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. सावकारानें रोखे हवालीं केले, तर बहुधा तो सुटत असे.

या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें एक मोठी विलक्षण गोष्ट नमूद केली आहे. गांवोगांव अशी वार्ता पसरली होती, कीं सावकारानें एका साहेबाची मिळकत घशांत घातली, त्यानें राणीकडे दाद मागितली, आणि सावकारांनीं रोखे परत करावे असा विलायतेहून हुकूम आला आहे. हुकूम अर्थात् आलेला नव्हता. आमच्या शिक्षित वर्गास अशा अफवेचें हंसूं येतें. परंतु थोडें थांबून पाहिलें तर या खोट्या वार्तेच्या पोटांत एक खरें मत दडलेलें दिसेल. आमच्यावर अन्याय होत आहे. साहेबालाही तो सोसवला नसता. वर कळलें तर वरचे लोक न्याय देतील. पण वर कळविणार कोण? अफवा म्हणजे निनांवी वाचकपत्रच होतें, फक्त तें छापावयास पत्र नव्हतें आणि त्यांतील चूक दाखवावयास संपादक नव्हता. छापील पत्रांतील चुकीस पुढच्या अंकांत उत्तर देतां येतें; कानोंकानीं गेलेल्या चुकीस उत्तर देणार कोठें? म्हणून त्या मताचे शेवटीं वणवे झाले. त्यांत सावकारांचीं घरें-दुकानें लुटलीं गेलीं आणि शेंकडों कुणब्यांस तुरुंग पाहावा लागला. १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला तो त्यानंतर.

दंग्यांनंतर दोनच वर्षांनीं, १८७७ सालीं, कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र काढलें. १८७८ सालीं धोंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून सुरू झाला. गाडींतून धान्य, माणसें व सरकारी अंमलदार आले, तशी टपालाची थैलीही आली. पुण्यामुंबईचीं पत्रें आतां लवकर हातीं येऊं लागलीं. तीं हातीं घेणारे लोक मात्र बहुतेक आमच्यासारखेच, कचेरींतले, शाळेंतले, वकिलीचे. पारावरच्या माणसाचें स्वतःचें पत्र नगर जिल्ह्यांत यावयास आणखी तीस वर्षें लोटलीं.

तें पत्र म्हणजे मुकुंदराव पाटलांचें ‘दीनमित्र’. मुकुंदराव हे भालेकरांचेच पुत्र. नेवासें तालुक्यांतील तरवडी येथील पाटील घराण्यांत ते दत्तक गेले. १९१० सालीं त्यांनीं हें सत्यशोधक मताचें साप्ताहिक सुरू केलें आणि १९६७ सालीं मृत्यु येईपर्यंत, सुमारें सत्तावन्न वर्षें, तें नेटानें चालविलें. तरवडी हें खेडें. खेड्यांतून दर आठवड्यास पत्र काढावयाचें म्हणजे कागद, शाई, खिळे, टपाल, वर्गणी या प्रत्येक गोष्टीची विवंचना. शिवाय १९११ च्या शिरगणतीप्रमाणें साऱ्या हिंदुस्थानांत शेंकडा सहाच्या आसपास माणसांस लिहितां-वाचतां येत होतें. ज्यांच्यासाठीं पत्र काढावयाचें त्यांस तें वाचतां येत नव्हतें! परंतु खेड्यांत वाचणें ही एकट्याची गोष्ट नसते. एक वाचतो, दहा ऐकतात, आणि ऐकतां ऐकतां मध्येंच थांबवून आपलें मत सांगतात.

मुकुंदरावांची लेखणी मऊ नव्हती. ‘कुलकर्णी लीलामृत’ व ‘शेटजी प्रताप’ या त्यांच्या काव्यांचीं नांवेंच पुरेसें सांगून जातात. कुलकर्ण्याचें दप्तर, सावकाराची वही आणि भटजींचें पंचांग हीं तिन्ही कुणब्यास न कळणारीं. तीं कुणब्याच्या भाषेंत, कुणब्यास हंसवीत, उलगडून दाखविणें हें त्यांनीं आपलें काम मानलें. या टीकेंत कित्येकदां एका व्यक्तीच्या दोषाचें खापर साऱ्या जातीवर फुटलें, हें आम्हांस नाकारतां येत नाहीं. पण समोरच्या बाजूच्या पत्रांनीं तरी कोठें संयम दाखविला होता? शिवाय १८७५ च्या अफवेशीं तुलना करा. तक्रार बव्हंशीं तीच, गांव त्याच जिल्ह्यांतले. परंतु आतां तक्रारीखालीं संपादकाचें नांव होतें, अंकावर तारीख होती, आणि ज्यास तें खोटें वाटे त्यास उत्तर देण्याची सोय होती. रोखे जाळण्याऐवजीं रोख्यांतील लबाडी लिहून काढतां येऊं लागली.

येथें आमच्या वर्गाविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. आम्हीं शाळेंत ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांची नांवें पाठ केलीं. आगरकर-टिळकांचे वाद आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चघळले गेले, व तें योग्यच झालें. परंतु याच महाराष्ट्रांत एका खेड्यांतून अर्धशतकाहून अधिक काळ एक पत्र निघत होतें, हें आमच्यापैकीं कितीकांस ठाऊक होतें? आम्ही आमच्या दिवाणखान्यांतील मतास लोकमत म्हणत राहिलों आणि पारावरच्या मतास अडाण्यांच्या गप्पा. १८७५ चे दंगे अकस्मात् झाले असें ज्यांस वाटलें, ते बहुधा असलेच लोक होते. पारावर बसणारास त्यांत अकस्मात् असें कांहीं वाटलें नसेल.

आज वार्ता खिशांतल्या यंत्रावर येते आणि पारावरच्या प्रत्येकास बोलण्याची सोय झाली आहे. ऐकणारांची उणीव संपली असें त्यावरून कोणी समजूं नये. खोटी बातमी आजही धांवते, आणि सुशिक्षित घरांतूनही धांवते. ती धांवतांना दिसली म्हणजे हंसून किंवा रागावून भागणार नाहीं. तिच्यांतील खोटें तारीखवार दाखवून दिलें पाहिजे, आणि तिच्या तळाशीं जें खरें गाऱ्हाणें असेल त्याला उत्तरही दिलें पाहिजे. पहिलें काम आम्ही हौसेनें करतों. दुसऱ्याची हयगय झाली म्हणजे काय होतें, तें पारनेर-श्रीगोंद्याच्या सावकारांनीं आणि कुणब्यांनीं, दोघांनींही, भोगून पाहिलें आहे.