विद्यार्थी आणि कर्ज : ओव्हरड्राफ्टपासून मोबाईल ॲपपर्यंत

अर्धापूर परिसरातली आपली मुलं-मुली बारावीनंतर नांदेड, लातूरला शिकायला जातात. फी, खोलीभाडे, मेस यांचा खर्च ठरलेल्या तारखेला येतो. केळीचा किंवा मजुरीचा पैसा मात्र येईल तेव्हा येतो. मधल्या दिवसांत उधारी होते. म्हणून कर्जाचे प्रकार घरात सर्वांना माहीत हवेत.

ओव्हरड्राफ्ट : खात्यात शिल्लक नसताना ठराविक मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची सोय. हे कर्जच आहे, व्याज लागते. जनधन खात्यावर ही मर्यादा 10 हजार रुपये आहे. खाते किमान सहा महिने नीट चाललेले हवे आणि सोय घरातल्या एकालाच मिळते.

मोबाईल ॲप : खरा धोका इथे आहे. समजा, 5 हजारांचे कर्ज घेतले. 800 रुपये ‘फी’ कापून हातात 4,200 आले आणि महिन्याने 5 हजार भरायचे. म्हणजे महिन्याला 19 टक्के! व्याज हराम म्हणून अब्बा बँकेचे नाव काढू देत नाहीत, आणि मुलगा गुपचूप त्याच्या कितीतरी पट व्याज भरतो. धमक्या आल्या तर 1930 या सायबर हेल्पलाईनवर लगेच तक्रार करावी. फोनमधले फोटो किंवा नातेवाईकांचे नंबर घेण्याचा कर्ज देणाऱ्याला अधिकार नाही.

शैक्षणिक कर्ज : बँका साधारणतः 4 लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही शैक्षणिक कर्ज देते. व्याज कमी असले तरी आहे. मजबुरीत घ्यावे का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

कर्ज-ए-हसना : बिनव्याजी कर्ज. ओळखीचा माणूस असला तरी रक्कम व मुदत लिहून ठेवावी. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत हीच आज्ञा आहे. 280 वी आयत अडचणीतल्या कर्जदाराला सवलत द्यायला सांगते. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे मोहल्ल्यातल्या बैतुलमालने विसरू नये.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलाने कर्जाचे सांगितले तर आधी रागावू नका, आकडा विचारा. घरात बोलायची भीती असली की मुलं ॲपकडे वळतात.