काळीला नावे ठेवणारे

शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राच्या जमिनीचा धडा आला की 'रेगूर मृदा' येतेच. मुले ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि घरी येऊन बापाला विचारतात, "काळीत काय पेरलं?" परभणीच्या किंवा बार्शीच्या शिवारात 'रेगूर' म्हणून पाहा, समोरचा माणूस नव्या बियाण्याच्या वाणाचे नाव समजून ऐकून घेईल. शब्द मराठी वाटत नाही, कारण तो मराठी नाहीच.

तेलुगूत रेगडी किंवा रेगड म्हणजे चिकट काळी माती. दख्खनी हिंदीने तो उचलला, इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या कानाला ऐकू आला तसा 'रेगर', 'रेगूर' असा टिपला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या गाजलेल्या कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. कोशकारांना एकीकडे विल्सनच्या कोशातले तेलुगू मूळ दिसत होते, दुसरीकडे फारसी 'रेग' म्हणजे वाळू, याच्याशी नाते असेल का, असाही मोह होत होता. भर आषाढात काळ्या रानातून दहा पावले टाकलेल्या कोणालाही ही दुसरी शंका ऐकून हसू येईल. जी माती पायातली चप्पल सोडत नाही, तिच्या नावात वाळू शोधायची म्हणजे नुसत्या अक्षरांवर भाळणे झाले. व्युत्पत्ती लावताना ध्वनी जुळला तरी वस्तू जुळते का, हे पाहावे लागते. इथे ती जुळत नाही.

पुढे १८९८ मध्ये लेदर या कृषी-रसायनतज्ज्ञाने हिंदुस्थानच्या जमिनींचे चार मोठे वर्ग केले: गाळाची, काळी कापसाची म्हणजे रेगूर, तांबडी आणि जांभ्याची. हीच चौकट पाठ्यपुस्तकांत उतरली. म्हणजे तेलंगणातला शब्द इंग्रजीतून वळसा घेऊन मराठवाड्यातल्या शाळेत पोहोचला आणि ज्यांची ही माती त्यांच्या तोंडी मात्र कधी बसला नाही.

शेजाऱ्यांनी आपापली नावे जपली आहेत. कन्नडमध्ये एरे, तमिळमध्ये करिसल, बुंदेलखंडात मार, छत्तीसगडात कन्हार. आपण मात्र रंगावर थांबलो: काळी. पण या विशेषणाचे मराठीत नाम झाले, आणि नाम झाल्यावर त्याने फार मोठा संसार मांडला. 'काळी' म्हणजे केवळ काळ्या रंगाची माती नव्हे, गावाची सगळी पिकाऊ जमीन. तिची जोडीदारीण 'पांढरी', म्हणजे गावठाण. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त गावाचे हे दोन भाग भेटतात. एखाद्या गावची शेतजमीन तांबडी मुरमाड असली तरी ती 'काळी'च. रंगाचा शब्द रंगापासून सुटून हक्काचा आणि पोटाचा शब्द झाला, तो असा.

पांढरीचे पांढरेपण मात्र खरेच आहे. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, भिंती पडल्या, चुलींची राख साठली, शेण, हाडे, केरकचरा मिसळला, आणि भोवतालच्या काळ्या रानात फिकट रंगाचे टेकाड उभे राहिले. ही माती खत म्हणून शेतात नेण्याची रीत जुनी आहे. दख्खनच्या पुरातत्त्वज्ञांना अशी कितीतरी टेकाडे गावकऱ्यांनीच 'पांढरी' म्हणून दाखवली. घर काळीवर का बांधायचे नाही, हे तर बांधकामाचा ठेकेदारही सांगतो. 'बी. सी. सॉईल', म्हणजे ब्लॅक कॉटन सॉईल, 'लागली' म्हणताना त्याचा चेहरा उतरतो, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या चिरा पाडते. मग काळी उपसून मुरूम भरा, नाहीतर पाया खोल न्या.

काळीला पद्धतशीरपणे नावे ठेवली ती मात्र सरकारी जमाबंदीने. इथे 'नावे ठेवणे' दोन्ही अर्थांनी घ्यावे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. जमिनीचे पोतावरून तीन वर्ग: बारीक, एकजीव, काळी ते गडद तपकिरी; तिच्यापेक्षा भरड आणि बहुधा तांबडी; आणि खडेरी, भुसभुशीत, फिकट. मग खोली, हातांत मोजलेली. पहिल्या वर्गाची पावणेदोन हात खोल जमीन सोळा आण्यांची, आणि तिथून उतरत उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. शिवाय दोष: चुनखडीचे खडे, वाळू, उतार, मातीत धर नसणे, पाणी न मुरणे, पुराच्या लोंढ्यात सापडणे, उमाळ्याने ओल राहणे. एकेका दोषाला एकेक प्रत खाली. शेताचे चौकोन पाडून प्रत्येकात या खुणा भरल्या जात. याला मराठीने 'प्रतबंदी' म्हटले. माती चांगली की वाईट हा प्रश्न रुपयाच्या सोळा आण्यांत बसवून टाकला, आणि सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' त्याच बिऱ्हाडातला. शेताच्या पोटात असलेला पण पिकाला निरुपयोगी तुकडा. सरकारी दप्तरात इतका चपखल शब्द क्वचित सापडतो.

या पद्धतीत पाऊस मातीच्या रकान्यात नव्हता. तो गावांचे गट पाडताना, बाजार आणि रस्त्यांच्या जोडीने विचारात घेतला जाई. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र पाऊस आणि माती कधी वेगळे नव्हतेच. सोलापूर-मंगळवेढ्याकडे जमिनीचे पहिले नाव 'खरिपाची' की 'रब्बीची' हे असते. खोल भारी जमीन पावसाळाभर पड ठेवायची, तिने पाणी पोटात घ्यायचे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरायची. पुढचे पीक बहुतांश त्या साठलेल्या ओलीवर. हलक्या, उथळ रानाला इतका साठा झेपत नाही, म्हणून ते खरिपाचे. खोली, चिकणमातीचे प्रमाण, पावसाचा मोसम आणि बाष्पीभवन या चार गोष्टींचा ताळा एका षष्ठी विभक्तीत मांडलेला आहे.

'वाफसा' हा तसाच शब्द. काही ठिकाणी 'वापसा' म्हणतात. संस्कृत बाष्प, प्राकृत बप्फ, मराठी वाफ, आणि तिच्याच घरातला वाफसा: जमीन चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, अशी औत घालण्याजोगी अवस्था. मुरमाड रानात तो लवकर येतो आणि रेंगाळतो. काळीत तो उशिरा येतो आणि बघता बघता निसटतो. शेजाऱ्याशी बोलणे आटोपते घेऊन माणूस बैल जुंपायला पळतो ते यामुळे.

जमिनीचे ठिकाण हाही नावाचा भाग असतो. वर माळ, तिथे बरड. उताराला मुरमाड आणि मध्यम. खाली ओढ्याकाठी भारी काळी. दख्खनच्या बेसाल्टवर हा क्रम इतका नेमाने दिसतो की मृदाशास्त्रज्ञ एका टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत खड्डे घेत गेले की निम्मी गोष्ट हाती लागते. खडक एकच, पण माथ्यावरची माती धुऊन जाते आणि खाली साचते. नागपूरकडच्या जमाबंदीत काळी, मोरंड, खरडी, बरडी या मातीच्या नावांच्या जोडीला जागेची नावेही धरली जात. त्यातला 'लवण' फार गोड. हे मीठ नव्हे. 'लवणे' म्हणजे वाकणे, त्यावरून लवण म्हणजे जमिनीचा सखल भाग, जिथे पाणी येऊन थांबते. मीठवाल्या संस्कृत लवणाशी त्याचे नाते नाही, जरी सखलात क्षार साचतात हेही खरे.

माती ही हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ यांतून घडते, हे हान्स येनी यांनी १९४१ मध्ये सूत्रात बांधले. त्याआधी १८८३ मध्ये रशियाच्या दोकुचायेव यांनी तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि शेतकऱ्यांचा 'चेर्नोझेम' हा शब्द विज्ञानात नेला. गंमत अशी की 'चेर्नो' म्हणजे काळी आणि 'झेम' म्हणजे भूमी. अर्थ आपल्या काळीचाच, पण माती वेगळी: तिचे काळेपण थंड गवताळ प्रदेशात साठलेल्या कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे. आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब थोडाच असतो. रंग सारखा म्हणून दोघींना बहिणी समजणे हा 'रेग' आणि 'रेगूर'सारखाच घोटाळा.

हे टाळायला अमेरिकी मृदा-वर्गीकरणाने लोकभाषेतले शब्द बाजूला ठेवून लॅटिन-ग्रीक तुकडे जोडले. काळीला 'व्हर्टिसॉल' हे नाव मिळाले, लॅटिन 'व्हर्टेरे' म्हणजे उलटणे यावरून. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत ओघळते, पावसात खालची माती फुगून वर रेटते. जमीन स्वतःला उलटत राहते. आत कुदळ मारली तर घासून गुळगुळीत झालेले तिरके पृष्ठभाग दिसतात. 'टिपिक हॅप्लुस्टर्ट' हे नाव प्रथम ऐकले की औषधाची बाटली वाटते, पण फोडून पाहावे. शेवटचा 'अर्ट' व्हर्टिसॉलचा. 'उस्ट' लॅटिन 'उस्टुस'चा, म्हणजे जळलेले: वर्षाचा मोठा भाग कोरडा, पण पिकाच्या हंगामात ओल. 'हॅप्ल' ग्रीक, साधा. आणि पुढचे विशेषण तर भेगांच्या दिवसांवर ठरते. ओलित न केलेल्या वर्षी त्या एकूण दीडशे दिवसांपेक्षा कमी उघड्या राहिल्या तर 'उडिक', दोनशे दहा किंवा अधिक तर 'अरिडिक'. म्हणजे पर्जन्यछायेतल्या काळीला पूर्व विदर्भातल्या काळीपेक्षा वेगळे नाव मिळते ते भेगा मोजून. उच्चार रुक्ष आहे, पण ही नावे ठेवणाऱ्यांनी शेतकऱ्याला नेमके जे दिसते तेच पाहिले, हे मान्य करायला हवे.

सर्वेक्षणाच्या खालच्या पायरीवर गावेच परत येतात. नागपूरला मुख्यालय असलेली राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ पासून देशभर नकाशे करते. एकसारख्या मातीच्या गटाला, म्हणजे मृदा-मालिकेला, ती जिथे प्रथम नीट वर्णिली गेली त्या जागेचे नाव देतात. नागपूर जिल्ह्यातल्या लिंग्याची 'लिंगा' मालिका तशी. याच संस्थेने देशाचे वीस कृषि-पारिस्थितिक प्रदेश पाडले, त्यात माती, भूरूप आणि पीकवाढीच्या काळाची लांबी एकत्र घेतली आहे.

आता 'चोपण'. घराची जमीन करताना माती ठोकून बसवायचे लाकडी चोपणे ज्याने पाहिले आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चोपण जमीन म्हणजे ठोकल्यासारखी घट्ट, पाणी न पिणारी. खारवट जमीन वेगळी. तिच्यावर क्षारांचा पांढरा थर येतो. शास्त्रीय पुस्तकात दोन्ही वेगळ्या काढायला मोजमाप आहे: मातीच्या कणांवरच्या विनिमयी सोडियमचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर गेले की चोपण. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, ही रेघ लागू पडेना. सोडियम पंधराच्या बराच खाली असूनही पाणी मुरत नव्हते. डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काळीचे खड्डे खोदून कारण दाखवले: हवामान कोरडे होत गेले तसा मातीतला कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांत अडकला, सुटे सोडियम वरचढ झाले आणि चिकणमातीचे कण विस्कटून छिद्रे बुजली. म्हणून त्यांनी सुचवले की अशा मातीला सोडियमच्या टक्केवारीवर तोलू नये, तिच्यातून पाणी किती वेगाने उतरते त्यावर तोलावे. नकाशावर ती 'सोडिक हॅप्लुस्टर्ट' आहे. गावात तिला चोपण म्हणतात, आणि चोपण या शब्दात सोडियमचा उल्लेख नाही, पाणी न मुरण्याचा आहे.