महिनाभराची किल्ली

कॉव्हेंट्रीत दोन विद्यापीठे आहेत. एकाला गावाचेच नाव आहे. दुसऱ्याचे नाव वॉरिक असले तरी १९६५ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ वसले आहे कॉव्हेंट्रीच्याच वेशीवर. त्यामुळे आपल्याकडे येणारा नवा पाहुणा हमखास वॉरिकचा किल्ला गाठतो आणि तिथे विद्यापीठ कुठे म्हणून विचारत बसतो! कॉव्हेंट्री विद्यापीठ हे १९९२ पूर्वी पॉलिटेक्निक होते. या दोन्ही ठिकाणी, किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात, आपल्यापैकी अनेकांची मुले शिकली आणि काही घरांतील मुले आजही शिकत आहेत.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून अधूनमधून एक छोटी सूचना लागते. अमुक एक डेटाबेस तीस दिवसांसाठी चाचणी म्हणून खुला केला आहे, वापरून पाहा आणि आपला अभिप्राय कळवा, एवढाच तिचा मजकूर. विद्यार्थी ती वाचतात आणि विसरतात. आपण आईवडील तर ती पाहतही नाही. मला मात्र या दोन ओळींमागे मोठा इतिहास दिसतो आणि त्यात आपलाही थोडा वाटा आहे असे वाटते. तो इथे मांडतो.

डेटाबेस हा शब्द नवा, पण वस्तू जुनी आहे. कुठे काय छापले गेले आहे आणि ते कुठे मिळेल हे सांगणारी यादी म्हणजेच सूची. मराठी पुस्तकांच्या सूचीचा एक धागा तर सरकारी कायद्यातून निघाला. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली. छापखान्यांना पुस्तकांच्या प्रती सरकारात जमा कराव्या लागत आणि दर तिमाहीला त्यांची यादी सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. हेतू अर्थातच राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता. पण त्यामुळे कित्येक मराठी पुस्तके लंडनला पोचली आणि जे. एफ. ब्लूमहार्ट या गृहस्थांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची सूची तयार केली. ती १८९२ साली छापून निघाली. इंडिया ऑफिसचा संग्रहही १९८२ साली ब्रिटिश लायब्ररीकडे आला.

दुसरा धागा आपल्या माणसाचा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. पुढील वर्षांचा, म्हणजे १९५० पर्यंतचा, दुसरा भाग १९६१ साली आला. संगणक नाही, अनुदानाची मोठी फौज नाही, हातात फक्त कागद आणि लेखणी. आज मराठी छपाईच्या इतिहासावर काम करणाऱ्याला दात्यांच्या सूचीवाचून पाऊल उचलता येत नाही. एकदा छापलेली ही सूची ज्या ग्रंथालयाने विकत घेतली, त्याची ती कायमची झाली. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचेच काम पडणार आहे.

विज्ञानाच्या बाजूला हेच काम यूजीन गारफील्ड यांनी वेगळ्या तऱ्हेने केले. कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे सांगणारी त्यांची सूची १९६४ पासून नियमित निघू लागली. पहिल्यांदा ती जाडजूड खंडांत असे. १९७२ साली अमेरिकेत डायलॉग नावाची सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकात शोध घेता येऊ लागला. पण टॅक्सीसारखे मीटर चाले! जितका वेळ जोडणी, तितके पैसे. त्यामुळे वाचकाने आपला प्रश्न ग्रंथपालाला नीट समजावून द्यायचा आणि त्याने भराभर टाइप करून उत्तर आणायचे अशी रीत पडली. विद्यार्थ्याने स्वतः चाळत बसणे परवडणारे नव्हते. नंतर सीडी आली, तेव्हा निदान मीटरची धास्ती गेली.

ब्रिटनमध्ये १९८४ साली विद्यापीठांना जोडणारे जॅनेट हे जाळे उभे राहिले. त्यावर फेब्रुवारी १९९१ मध्ये बाथ विद्यापीठातून बिड्स ही सेवा सुरू झाली. गारफील्ड यांच्या संस्थेच्या सूच्या आता देशभरातील विद्यापीठांना संगणकावर पाहता येऊ लागल्या. वर्गणी विद्यापीठाने भरायची आणि विद्यार्थ्याने कितीही वेळ बसावे, त्याला एक पेनीही पडणार नाही. १९९३ साली जिस्क ही समिती आली आणि असे करार देशपातळीवर होऊ लागले. मुंबईच्या किंवा पुण्याच्या ग्रंथालयात एका नियतकालिकासाठी खेटे घातलेल्या माणसाला ही केवढी चैन वाटेल हे सांगायला नको.

पण या चैनीबरोबर एक गोष्ट गुपचूप बदलली. पूर्वी ग्रंथालय पुस्तक विकत घेई. आता बहुतेक वेळा ते प्रवेश भाड्याने घेते. वर्गणी थांबली की दार बंद. काही संग्रह एकरकमी विकत मिळतात, पण तिथेही अनेकदा दरसालचा देखभालीचा आकार असतोच. दात्यांची सूची कपाटात आहे ती आहेच. भाड्याच्या घराचे तसे नाही. घरभाडे भरणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

चाचणीची सूचना लागते ती नेमकी या टप्प्यावर. प्रकाशक काही आठवडे दार उघडे ठेवतो. विद्यापीठाच्या आवारातील संगणक ओळखून किंवा तात्पुरत्या पासवर्डवर प्रवेश मिळतो. कधी कधी लेख वाचता येतात, पण उतरवून घेण्यावर मर्यादा असते. महिना संपल्यावर ग्रंथपाल तीन गोष्टी समोर ठेवतात: किंमत, किती जणांनी किती वेळा वापर केला याचे आकडे आणि वाचकांचे अभिप्राय. हे आकडे मोजण्याची एकसारखी पद्धत असावी म्हणून २००२ साली काउंटर नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रमच निघाला. म्हणजे चाचणी ही फुकटची मेजवानी नव्हे. ते एक प्रकारचे मतदान असते आणि त्यात बरेच मतदार घरीच बसतात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला इतिहास शिकत होती. तिच्या आजोळचे गाव सुप्याजवळचे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली इथल्या पार्लमेंटपुढे आला आणि त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आपल्या गावाची हकीकत आपल्याला वाचायला मिळते ती इंग्रजी निळ्या पुस्तकात, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

तिच्या विद्यापीठात पार्लमेंटच्या जुन्या कागदपत्रांचा डेटाबेस महिनाभर चाचणीला आला. ‘सुपे’ या नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळ्या तऱ्हेने घालून तिने शोध घेतला आणि अहवालाची पाने पडद्यावर आली. रोज संध्याकाळी ती टिपणे काढत बसे. आजीला फोन करून विचारी, "आजी, आपल्याकडे सावकारी कुणाची होती गं?" आजीला जे ऐकून ठाऊक होते ते अहवालात नव्हते आणि अहवालात होते ते आजीला ठाऊक नव्हते. दोन्ही जोडून प्रबंध आकार घेऊ लागला. एवढ्यात महिना संपला. वापर कमी झाला आणि अभिप्राय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, म्हणून ग्रंथालयाने वर्गणी घेतली नाही. त्यांचाही दोष म्हणता येत नाही. पैसे मोजकेच, मागणाऱ्यांच्या रांगा मोठ्या.

पुढे काय? मुलीने ब्रिटिश लायब्ररीचे वाचकपत्र काढले. ते विनामूल्य मिळते. कॉव्हेंट्रीहून युस्टनला गाडीने जायचे आणि तिथून सेंट पॅन्क्रासच्या इमारतीपर्यंत चालत. छापील अहवाल टेबलावर आला. त्याला पासवर्ड लागत नव्हता, मुदतही नव्हती. प्रबंध वेळेवर पुरा झाला.

यावरून कोणी डेटाबेस वाईट आणि कागद चांगला असा निष्कर्ष काढू नये. शोधाच्या खिडकीत एक शब्द टाकल्याशिवाय ती पाने त्या जाडजूड खंडांतून तिला सापडली असती का, याची शंकाच आहे. सांगायचे ते एवढेच की शोधण्याची सोय एकाकडे आणि जपण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी वाटणी आज झाली आहे. त्यात वाचकाने आपली बाजू मांडायला हवी.

ज्यांचा विद्यापीठाशी संबंध नाही त्यांच्यासाठीही काही दारे उघडली आहेत. १९९५ साली सुरू झालेल्या जेस्टोर या संस्थेने २०११ साली आपल्या संग्रहातील अमेरिकेतील १९२३ पूर्वीचे आणि इतर देशांतील १८७० पूर्वीचे लेख सर्वांना मोकळे केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांतून संशोधनपर लेख वाचण्याची योजना सुरू झाली. तीही आधी दोन वर्षांची चाचणी म्हणूनच! भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. खाजगी महाविद्यालयातला विद्यार्थी आणि घरी बसून अभ्यास करणारा निवृत्त शिक्षक मात्र त्या पंगतीच्या बाहेरच राहिले.

म्हणून आपल्या मंडळातील घरांना एक विनंती. मुलांना विचारा, तुमच्या ग्रंथालयात सध्या कशाची चाचणी चालू आहे? दक्षिण आशियाविषयी काही असेल, १८३८ पासूनचे टाइम्स ऑफ इंडियाचे अंक असतील, तर त्यांना आपल्या गावाचे, तालुक्याचे, आडनावाचे नाव शोधायला लावा. काय मिळाले आणि काय मिळाले नाही हे चार ओळींत ग्रंथपालांना कळवायला सांगा. मराठी साधनांची उणीव भासली तर तेही स्पष्ट लिहू द्या. दात्यांनी एकट्याने उभे केलेले काम पाहता आपल्या वाट्याला आलेले हे काम अगदीच हलके आहे. एक फॉर्म भरायचा आणि तोही महिना संपण्याच्या आत.