चौथा खांदा

आमच्या चाकण पट्ट्यात कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि वाटणीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जाईनासे झाले. म्हणून पंडिता रमाबाईंची हकिगत सांगतो.

दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे बाप, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांत गेली. आईच्या तिरडीला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंचा. उंची पुरेना म्हणून तिरडी डोक्यावर घेतली. पुढं १८८० ला भाऊ आणि १८८२ ला नवरा, दोघंही पटकीनं गेले. पदरात वर्षाच्या आतली मनोरमा. १८८३ ला इंग्लंडात बाई ख्रिस्ती झाल्या, त्यावरून पुण्यात टीकाही सोसली.

अशा माणसाच्या मनात अढी राहिली असती तरी नवल नव्हतं. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी पोरी गोळा करून केडगावला आणल्या. दौंडकडचं ते कोरडं रान. तिथं विहिरी खणल्या, शेती केली. ज्या समाजानं आईला खांदा दिला नाही, त्याच्याच लेकी पोटाशी धरल्या. मला तरी क्षमा म्हणतात ती हीच वाटते. ती तोंडानं बोलायची नसते, हातानं करायची असते.

१९२१ ला मनोरमाही गेली. तरी बायबलाचं मराठी भाषांतर बाईंनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

धर्म कुठलाही असो. कोर्टातली तारीख कोर्टात राहू द्यावी. भावाच्या मयतीला तेवढं जावं.