स्वाधार योजना (धाराशिव जिल्हा)

वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना खोलीभाडे व जेवणखर्चासाठी मिळणारे शासकीय साहाय्य. पूर्ण नाव ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’. सामाजिक न्याय विभागाने ती २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या, शासकीय वसतिगृहाला पात्र असूनही प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याने समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. विद्यार्थी कॉलेजच्या गावचा रहिवासी नसावा.

रक्कम गावानुसार बदलते. मूळ दरांनुसार पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये, इतर काही महापालिका शहरांत ५१,०००, तर नगरपरिषदेच्या धाराशिवात ४३,०००. यांतले निवासाचे अनुक्रमे २०,०००, १५,००० व १२,००० रुपये; म्हणजे धाराशिवात खोलीसाठी महिन्याला हजार रुपये.

जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, बोनाफाईड यांबरोबर स्थानिक रहिवासी नसल्याचे शपथपत्र व भाडेकरार लागतो. खरी अडचण इथेच येते: एका खोलीत तिघे-चौघे राहत असले, की घरमालक कागदावर सही द्यायला कचरतो. शिवाय पैसे छाननीनंतर थेट आधार-संलग्न खात्यात येतात, भाडे मात्र पहिल्या महिन्यापासून भरावे लागते. भूम-परंड्याच्या शेतमजूर घरांना हा मधला काळ सर्वांत जड जातो. पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच मिळायला हवा.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच ‘स्वयं’ योजना आहे.